ट्रॅक्टर कधी, चालणं किती?

प्रश्न : माझे मालक ट्रॅक्टर चालवतात, वय ३८. दिवाळीच्या आधी जुलाब झाले, मग आठवड्याभराने तळपायाला मुंग्या आल्या आणि तीन दिवसांत माणूस जागचा उठेना. लातूरला नेलं, जीबीएस म्हणजे गुलेन बॅरे नावाचा नसांचा आजार निघाला. व्हेंटिलेटर लागला, पाच दिवस महागडी इंजेक्शनं चालली. आता तीन महिने झाले. भिंत धरून अंगणापर्यंत येतात अन् लगेच आडवे होतात. सासूबाई म्हणायल्यात, पडून पडून अंग जड झालंय, रोज वेशीपर्यंत चालव. रात्री वीट तापवून पाय शेकायल्यात. शेजारी आमच्या घरचं पाणी पीनात. हा आजार परत येतो म्हणे? पेरणीला ट्रॅक्टरवर बसतील का? रिपोर्ट सोबत जोडलाय.
— एक भगिनी, औसा तालुका

उत्तर : ताई, वीट आजपासून बंद. त्यांच्या तळपायाला अजून नीट कळत नाही, असं रिपोर्टवरून दिसतं. चटका बसेल, फोड येईल, त्यांना पत्ताही लागणार नाही. माझ्याकडे असे पाय येतात. आजार बरा होत असतो आणि माणूस मात्र भाजल्याच्या जखमेने खाटेला खिळतो. शेकायचंच असेल तर कोमट पाणी, तेही आधी तुमचा कोपर बुडवून पाहून. रोज रात्री दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. पुढे उन्हाळा आहे, अनवाणी अंगणात उतरू देऊ नका.

आता थकव्याचं. हा आळस नाही. गुलेन बॅरेमध्ये शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच चुकून नसांवर तुटून पडतात, पुष्कळदा जुलाबाच्या जंतूंशी लढता लढता. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडे जी साथ आली, तिथेही पोटातलाच जंतू सापडला होता. काहींच्या नसांवरचं नुसतं आवरण जातं, ते तुलनेने लवकर भरतं. तुमच्या रिपोर्टवर ‘अ‍ॅक्झोनल’ लिहिलंय, म्हणजे आतल्या तंतूलाच मार बसलाय. तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पंजापर्यंतचं अंतर टेपने मोजा, मग सासूबाईंना दाखवा. पंजा सगळ्यात शेवटी का येतो आणि चालताना मालकांची चप्पल का निसटते, ते त्यांना तिथेच कळेल.

म्हणून वेशीपर्यंत नको. अंगणापर्यंत, दिवसातून तीन-चार वेळा, मधे पडून विश्रांती. कसोटी सोपी आहे : दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कालच्यापेक्षा जड वाटले तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. पंजा लटकतो त्यासाठी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती फिजिओथेरपिस्टकडून मापाने करून घ्या. हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही. पाय ओढणं, रगडणं, पाठीवर पाय देणं नको. भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जातो. चहा पाजा, औषध विसरा.

पाण्याचं म्हणाल तर जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. पाणी उकळून प्यायचं ते जुलाब होऊ नयेत म्हणून, आणि तसं शेजाऱ्यांनीही प्यावं.

परत येतो का? येतो, पण शंभरात दोन-पाच जणांना. त्या भीतीने घर धरून बसू नका, एवढं मात्र करा : त्यांना एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावा आणि कुठवर जातात ते लिहून ठेवा. एरवी तिसापर्यंत जाणारा माणूस पंधरा-सोळालाच थांबला, घास घशात अडकू लागला किंवा आलेली ताकद पुन्हा उतरू लागली, तर सकाळची वाट बघू नका, निघा.

ट्रॅक्टर. या आजारात बहुतेक जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, पण तुमच्या प्रकाराला जास्त वेळ लागू शकतो आणि सुधारणा वर्ष-दोन वर्षंही चालू राहते. या पेरणीचा हिशेब त्यांच्या पायावर बांधू नका, ड्रायव्हर आत्ताच बोलून ठेवा. क्लच डाव्या पायाचा असतो. बंद ट्रॅक्टरवर बसून तो पूर्ण दाबून अर्धा मिनिट धरता आला, पाय न बघता ब्रेकवर नेमका गेला आणि तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर आधी रिकाम्या रानात, सोबत कुणाला तरी घेऊन. रोटाव्हेटरचं त्यानंतर बघू.