वाचकांचे प्रश्न : अर्ध्या डॉलरपेक्षा स्वस्त लस कशी तयार झाली?

सरकारे, खासगी कंपन्या आणि देणगीदार संस्था एकत्र येऊन जगभर जी विकासकामे करतात, त्यांबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख लसींवर आहे, म्हणून उत्तरेही त्याच क्षेत्रातली घेतली आहेत.

प्रश्न : ‘शाश्वत विकासासाठी भागीदारी’ हे शब्द भाषणांत सतत ऐकू येतात. अशा भागीदारीतून खरोखर काही उभे राहिल्याचे ठोस उदाहरण आहे का? (एक शिक्षिका, सातारा)

आहे, आणि ते पुण्यात घडले आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या २६ देशांतून एक पट्टा जातो. तिथे कोरड्या हंगामात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या घरात लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. मुख्य कारण होते ‘ए’ गटाचे मेनिंगोकोकस जिवाणू. जुनी लस होती, पण तिचे संरक्षण थोडीच वर्षे टिके, लहान मुलांवर तिचा प्रभाव कमी पडे, आणि ती बहुधा साथ सुरू झाल्यावर टोचली जाई. जास्त काळ टिकणारी संयुग लस, म्हणजे जिवाणूच्या कवचाचा अंश प्रथिनाशी जोडून केलेली लस, बनवण्याचे शास्त्र ठाऊक होते. मात्र जिला विकत घेणारे देशच गरीब, अशा लसीत मोठ्या कंपन्यांना रस नव्हता.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलरचे अनुदान दिले आणि ‘पाथ’ ही ना-नफा संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून प्रकल्प सुरू केला. त्यांनी पहिल्यांदा आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारले, की तुम्हाला किती किंमत परवडेल? उत्तर आले, मात्रेमागे अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. या प्रश्नाला आम्ही फार महत्त्व देतो. लस आधी बनवून मग किंमत ठरवली असती, तर ती गोदामातच पडून राहिली असती. इथे किंमत आधी ठरली आणि त्या किमतीत काम करील असा उत्पादक नंतर शोधला गेला. तो म्हणजे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट.

कामाची वाटणी अशी होती. जिवाणूच्या कवचातील पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी, सुरुवातीला नेदरलँड्समधील सिन्को बायोपार्टनर्सकडून आले आणि ते बनवण्याचे तंत्रही त्यांनी पुण्याला दिले. हे पॉलिसॅकराइड प्रथिनाशी जोडायची पद्धत अमेरिकेच्या औषध नियामकाच्या प्रयोगशाळेतली होती. प्रथिन म्हणून लागणारे धनुर्वाताचे टॉक्सॉइड (निरुपद्रवी केलेले विष) सीरम स्वतःच बनवत होती. पहिल्या चाचण्या २००५ मध्ये भारतात आणि पुढच्या २००६ पासून माली व गांबियात झाल्या. जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीला पूर्वपात्रता दिली, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना ती खरेदी करता येऊ लागली. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. १ ते २९ वर्षे वयाच्या प्रत्येकाला एकच मात्रा, किंमत सुमारे ४० सेंट. पुढच्या दशकात ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही.

प्रश्न : एवढ्या कमी किमतीत कंपनीला काय मिळाले? (पुणे)

नवे तंत्र मिळाले, चाचण्यांचा खर्च अनुदानातून झाला आणि मोठ्या मागणीची शाश्वती मिळाली. कारखान्यातली गुंतवणूक कंपनीची स्वतःची होती. संयुग लस बनवण्याचे हेच कौशल्य पुढे न्यूमोनियाच्या आणि मेनिंजायटिसच्या नव्या लसींत कामी आले.

प्रश्न : ही लस बर्फाशिवाय नेत असत, हे खरे का? मग आपल्याकडे डब्यात बर्फाच्या पिशव्या कशाला? (परिचारिका, फोंडा)

खरे आहे, पण त्याला अटी आहेत. टिकाऊपणाचे पुरावे तपासून नियामकाने परवानगी दिली, की २ ते ८ अंशांत साठवलेली ही लस एकदाच, जास्तीत जास्त ४ दिवस, ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात बाळगता येईल. २०१२ मध्ये बेनिनमध्ये याचा पहिला वापर झाला. सोबत ४० अंश ओलांडले की रंग बदलणारी पट्टी असते आणि कुपीवरचा नेहमीचा उष्णतादर्शक चौकोनही पाहावाच लागतो. चार दिवसांत न वापरलेली कुपी टाकून द्यायची. द्रावण मिसळलेली दहा मात्रांची कुपी सहा तासांनी बाद होते. अशी मुभा प्रत्येक लसीला तपासून वेगळी दिली जाते. तुमच्या डब्यातल्या लसींना ती लावू नका.

प्रश्न : ‘आगाऊ बाजार हमी’ म्हणजे काय? देणगीचा पैसा थेट औषध कंपन्यांना देण्याचाच हा प्रकार नाही का? (सनदी लेखापाल, नाशिक)

लस बनण्याआधीच तिच्या खरेदीसाठी देणगीदार पैशांचे वचन देतात, ती ही हमी. हमी म्हणजे अनुदान नव्हे. मान्यताप्राप्त लस बनली, गरीब देशाने मागितली आणि पोहोचली, तरच पैसे सुटतात. २००९ मध्ये इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी न्यूमोकोकल (न्यूमोनिया आणणाऱ्या जिवाणूंवरच्या) लसीसाठी दीड अब्ज डॉलर बाजूला ठेवले. मात्रेची कमाल किंमत साडेतीन डॉलर आणि पुरवठ्याचा करार दहा वर्षांचा. सुरुवातीच्या काही मात्रांवर या निधीतून आणखी साडेतीन डॉलर मिळत.

हिशेब मांडून पाहा. उद्दिष्ट वर्षाला २० कोटी मात्रांचे होते. एखाद्या कंपनीने वर्षाला २ कोटी मात्रा द्यायचे कबूल केले, तर तिला निधीचा दहावा हिस्सा, म्हणजे १५ कोटी डॉलर मिळू शकत. भागिले साडेतीन केले की सुमारे ४ कोटी ३० लाख मात्रा येतात. दहा वर्षांच्या तिच्या एकूण २० कोटींपैकी साधारण एक पंचमांश मात्रांवर जादा रक्कम, उरलेल्या सगळ्या साडेतीन डॉलरच्या मर्यादेत.

तुमच्या शंकेत तथ्य मात्र आहे. ही लस दोन बड्या कंपन्यांकडे जवळपास तयारच होती आणि निधीचा बहुतांश भाग त्यांनाच गेला. तिसरा उत्पादक, पुन्हा सीरमच, डिसेंबर २०१९ मध्ये पूर्वपात्र ठरला. त्याने २ डॉलर किंमत लावली, तेव्हा इतरांची सर्वांत कमी किंमत ३ डॉलरच्या आसपास होती. आमच्या मते मोठा हिस्सा नव्या उत्पादकांसाठी राखून ठेवायला हवा होता. किंमत उतरवते ती स्पर्धा, आणि ती दहा वर्षे उशिरा आली.

प्रश्न : ‘गावी’च्या संचालक मंडळावर लस कंपन्या असतात. हा हितसंबंधांचा संघर्ष नाही का? (मुंबई)

गावी ही गरीब देशांना लसी मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय आघाडी. तिच्या मंडळावर विकसित आणि विकसनशील देशांतील उत्पादकांना प्रत्येकी एक जागा आहे. खरेदीच्या निविदा मात्र युनिसेफचा कोपनहेगन येथील पुरवठा विभाग काढतो आणि मिळालेल्या किमती जाहीर करतो. किमती उघड असणे हा त्यातल्या त्यात भक्कम बंदोबस्त आहे.

प्रश्न : अशा भागीदाऱ्या कुठे फसतात? (पत्रकारितेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

पुरवठा एकाच ठिकाणाहून असेल तिथे हमखास. कोविडच्या काळात ‘कोव्हॅक्स’ या, गरीब देशांनाही लस पोहोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेची मोठी भिस्त भारतात बनणाऱ्या लसीवर होती. मार्च २०२१ च्या अखेरीस देशातली दुसरी लाट भडकली, निर्यात थांबली आणि नोव्हेंबरपर्यंत कोव्हॅक्सकडे भारतातून माल गेला नाही. अनेक आफ्रिकी देशांत पहिली मात्रा घेतलेले लोक दुसरीची वाट पाहत राहिले. आपल्या देशात माणसे मरत असताना सरकारने लस आधी इथे वापरली, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच एका देशावर विसंबणारा करार मुळात कच्चा होता. आफ्रिकेतच लस बनावी यासाठी गावीने जून २०२४ मध्ये दहा वर्षांत १.२ अब्ज डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. त्यातले पैसे पूर्वपात्रता मिळाल्यावर आणि नंतर पुरवलेल्या मात्रांवर मिळतात.

दुसरी फसगत रोगाच्या बाजूने होते. ‘ए’ गट मागे हटला, पण २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ गटाची मोठी साथ आली आणि ४० सेंटच्या लसीचा तिथे उपयोग नव्हता. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाचही गटांवरची लस पाथ आणि सीरमने ब्रिटिश सरकारच्या निधीतून बनवली. तिला जुलै २०२३ मध्ये पूर्वपात्रता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी सुरू केली.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या निधीतून) लसींसाठी फ्रिज देऊ इच्छिते. करारात काय लिहून घ्यावे? (सरपंच, जि. नंदुरबार)

पहिली गोष्ट, घरगुती फ्रिज घेऊ नका. त्यात बर्फाच्या कप्प्याजवळ तापमान शून्याखाली जाते आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची), हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, टीडी (धनुर्वात व घटसर्पावरची) या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. बाहेरून तसे दिसेलच असे नाही. आयएलआर, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेला लसींचा खास फ्रिज, मागा. वीज दिवसदिवस जात असेल तर बॅटरीविना सौरऊर्जेवर चालणारे यंत्र मागा. जुन्या सौर फ्रिजमध्ये बॅटरीच आधी मरत असे आणि नवी कोण घेणार, यावर यंत्र बंद पडून राही.

मालकी जिल्हा परिषदेची, असे स्पष्ट लिहा. सीएसआरच्या २०२१ च्या नियमांनुसार अशी वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा नियमांत बसणाऱ्या संस्थेच्या वा लाभार्थींच्या नावावर हवी. त्याआधी जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्यांकडून यंत्राचा प्रकार आणि क्षमता लेखी मंजूर करून घ्या, नाहीतर ते शासनाच्या नोंदीत येणार नाही आणि दुरुस्तीलाही कोणी फिरकणार नाही.

किंमत ठरवताना फक्त यंत्राची धरू नका. वाहतूक, बसवणे, स्टॅबिलायझर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि देखभाल एकाच करारात आणा. गावीने २०१६ मध्ये शीतसाखळीची, म्हणजे लसी थंड ठेवण्याच्या व्यवस्थेची, नवी योजना सुरू केली, तेव्हा वाहतूक, मांडणी आणि प्रशिक्षण यंत्राच्या खरेदीतच धरले आणि गरीब देशांकडूनही २० टक्के वाटा घेतला. आधीच्या देणग्यांतली यंत्रे खोक्यातच पडून राहत, त्यावरचा तो उपाय होता. तुम्हीही ग्रामपंचायतीचा छोटा वाटा ठेवा, उदाहरणार्थ खोलीची वायरिंग आणि अर्थिंग. बिघाड कळवल्यापासून किती तासांत तंत्रज्ञ येईल आणि तोवर लसी कोणत्या केंद्रात हलवायच्या, हेही कागदावर हवे. तापमान सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीही नोंदायचे. ते कोण नोंदणार, त्यांचे पद करारात लिहा.