लष्करी अळीसाठी जीएम (जनुक बदललेले) पतंग सांगलीत मिळतील का? मक्याचे पोंगे खाऊन टाकलेत.

सध्या नाही. आपल्याकडे जीईएसी या जनुक बदललेल्या जिवांना परवानगी देणाऱ्या केंद्राच्या समितीच्या मंजुरीशिवाय असे कीटक शिवारात सोडता येत नाहीत. ब्राझीलमध्ये ऑक्सिटेक कंपनीच्या अशा पतंगांना 2021 मध्ये मंजुरी मिळाली. सोडतात फक्त नर. त्यांच्यातल्या जनुकामुळे पुढच्या पिढीतल्या माद्या अळी असतानाच मरतात. नर जगतात आणि तेच जनुक पुढे नेतात. म्हणजे फवारणीसारखा लगेच फरक दिसत नाही, आज पोंग्यात बसलेली अळी खातच राहते. शिवाय एकट्याने सोडून भागत नाही, पतंग काय तुमचा बांध बघून उडतो का! तोवर कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), ट्रायकोग्रामाची कार्डं (अळीची अंडी मारणाऱ्या बारीक माश्यांची), आणि अळी लहान असतानाच पोंग्यात निंबोळी अर्क. शेजारी ऊस असेल तर तोही तपासा. ही अळी उसावरही येते.