पाटल्या गहाण ठेवून ‘हमखास नोकरी’चा क्लास?

प्रश्न: मी ४१ वर्षांची, धायरीत राहते. बी.कॉम. आहे. २०१४ पर्यंत नऱ्ह्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे, मुलगी लहान म्हणून सोडलं. आता ती दहावीत आहे. डेक्कनजवळ एका संस्थेचा सहा महिन्यांचा ‘जॉब रेडी अकाउंटंट’ कोर्स आहे : टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, एक्सेल, इंग्रजी संभाषण, मुलाखतीची तयारी. फी ९५,००० अधिक जीएसटी. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात. यजमानांचा पगार ४२,०००, घराच्या हप्त्यासकट खर्च ३८,०००, एफडी १,८०,०००. हे म्हणतात पाटल्या गहाण ठेवू. क्लासवाले बारा बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतात. सवलत शनिवारपर्यंतच आहे. २,००० टोकन भरलंय. काय करू?

उत्तर: ताई, नोकरी करायचं तुम्ही ठरवलंत ते उत्तम. पण या क्लासला माझा नकार आहे, आणि पाटल्यांना तर हातही लावू नका.

आधी फी पूर्ण मांडू. ९५,००० वर १८ टक्के जीएसटी १७,१००, म्हणजे १,१२,१०० झाले. धायरी ते डेक्कन रोज जायचं-यायचं, महिना दोन हजार धरले तर आणखी १२,०००. शिवाय एक आकडा कुठल्याच पत्रकावर छापलेला नसतो : याच सहा महिन्यांत तुम्ही अगदी १२,००० वर कुठे लागलात, तर ७२,००० घरात येतील. ते धरून कोर्स १,९६,१०० ला पडतो. कोर्समुळे पगार महिना ५,००० नी जास्त मिळाला असं मानलं, तरी हे पैसे वसूल व्हायला सव्वातीन वर्षं लागतील. आणि ते पाच हजारही माझ्या अंदाजाचे, त्यांच्या हमीचे नाहीत.

आता एफडी. ३८,००० खर्चाच्या घरात १,८०,००० म्हणजे पावणेपाच महिन्यांची सोय. फी त्यातून भरली तर दोन महिन्यांचीही उरत नाही, आणि पुढच्या वर्षी अकरावीचा प्रवेश दारात उभा. सोनं गहाण ठेवलं तर व्याज आजपासून सुरू, पगार मात्र नोकरी लागेल तेव्हा.

बिनव्याजी हप्त्यांचं म्हणाल, तर तो क्लासचा मोठेपणा नाही. बहुतेक वेळा एक वित्त कंपनी तुमच्या नावावर कर्ज देते आणि पैसे क्लासला पोचवते. उद्या तुम्ही क्लास सोडला किंवा क्लासनेच गाशा गुंडाळला, तरी हप्ते तुमच्याकडूनच मागितले जातात, आणि चुकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुमची बिघडते. कर्ज देणाऱ्याने सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात वार्षिक खर्चाचा खरा दर लिहिलेला असतो. शिवाय रोख भरले तर किती कमी कराल, असं विचारून बघा. जेवढे कमी करतील तेवढं व्याज फीमध्ये आधीच घातलंय असं समजा.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा करार घरी आणून निवांत वाचा. हजेरी किती हवी, किती मुलाखती नाकारल्या की हमी संपते, पगार किमान किती, नोकरी चाकणला निघाली तर ती धरायची की नाही, हे बारीक अक्षरात असतं. बहुतेक ठिकाणी तिथे ‘हमी’ जाऊन ‘साहाय्य’ आलेलं दिसेल. आणि जाहिरातीत हसणारी मुलं तेविशीची असतात. पस्तिशीपुढच्या, दहा वर्षं घरी असलेल्या तीन बायकांशी माझं बोलणं करून द्या म्हणा. तशा निघाल्या आणि निम्मी फी नोकरी लागल्यावर घ्यायचं लेखी मिळालं, तर मी माझं मत बदलेन.

तुम्हाला खरंच काय शिकायचंय? नोकरी सोडलीत तेव्हा विक्रीवर व्हॅट हा जुना कर होता. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. डेबिट-क्रेडिट, बँक जुळवणी, लेजर हे हातात बसलेलं विसरायला होत नाही. नवीन आहे ते कामाचं वेळापत्रक : दर महिन्याच्या सातला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), वीसला ३बी (जीएसटी भरायचं विवरण) आणि त्याआधी खरेदीची बिलं २बीशी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवायची. त्यात आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे जुन्या लोकांनाही पुन्हा शिकावंच लागतंय. ही तुमच्यासाठी चांगली वेळ आहे.

हे शिकायला लाख लागत नाहीत. संगणकाचा हात गेला असेल तर आधी एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक कोर्स करा. मग सिंहगड रस्त्यावरच एखादा टॅली-जीएसटीचा क्लास, पंधरा-वीस हजारांच्या आत बसवा. ‘स्वयम्’ या ऑनलाइन पोर्टलवर केंद्र सरकारचे वाणिज्याचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेचीच काय ती फी. कौशल्य विकास योजनेचे अल्प मुदतीचे वर्गही मोफत असतात. तुमच्या विषयाची बॅच जवळ आहे का, एवढी चौकशी करा. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल कोणी सांगितलं तर तिची वयोमर्यादा ३५ आहे, तिथे हेलपाटे घालू नका.

इंग्रजी आणि मुलाखतीची भीती हे मी हलकं मानत नाही. क्लासवाले खरं तर तेच विकतात. पण ती भीती कामावर लवकर मोडते. सदाशिव पेठ, नारायण पेठेत सीएंची कितीतरी लहान ऑफिसं आहेत. टॅक्स ऑडिटच्या हंगामात त्यांना नोंदी करणारा नीट माणूस हवाच असतो. पगार कमी मिळेल, दहा-बारा हजार, पण सहा महिन्यांत वीस वेगवेगळ्या धंद्यांच्या वह्या हाताखालून जातील आणि ‘मध्ये गॅप का?’ या प्रश्नाला उत्तर तयार होईल. मराठीत बोलणारा अकाउंटंट त्यांना चालतो. ३बी वेळेत भरलं नाही तर मात्र चालत नाही. आणि ४१ व्या वर्षी शिकायला कसलं लाजायचं? रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं तेव्हा तिथे शिकायला आलेल्या बायकाही काही शाळकरी मुली नव्हत्या.

क्लासचे पंधरा हजार घरखर्चातून दोन-तीन महिन्यांत काढता येतात का बघा. फारच अडलं तर एफडीवर तेवढंच कर्ज घ्या, ठेव मोडू नका.

टोकनचे २,००० मागून बघा. परत नाही आले तर गेले म्हणायचं. ते वाचवायला उरलेले १,१०,१०० घालू नका. शनिवारी फोन येईल, सवलत सोमवारपर्यंत वाढवलीय म्हणून सांगतील.