पुण्याच्या नाना पेठेतून जुना ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणून बसवला तर गाडी चालू होईल का?

नुसता बसवून बहुतेक गाड्यांत नाही होणार. स्टार्टर फिरेल, पण इंजिन धरणार नाही, कारण किल्लीतली चिप आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) यांची जोडी तुमच्या मूळ ईसीएमशी जुळलेली असते. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत तोच हवा, आणि मूळ ईसीएममधला डेटा त्यात क्लोन (हुबेहूब कॉपी) करून घ्यावा लागतो. म्हणून मूळ ईसीएम गॅरेजला देऊन टाकू नका.

पण त्याआधी ईसीएम खरंच गेलाय का ते बघा, अगदी कळकळीने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडला पाण्यातून काढल्यावर माझी गाडी बंद पडली. गॅरेजवाल्याने थेट ईसीएम बदलायला सांगितलं. दुसऱ्या मेकॅनिकने बॅटरीची वायर सोडवून ईसीएमचं सॉकेट उघडलं, तर दोन पिनांवर हिरवट गंज! साफ केलं, अर्थिंगचा बोल्ट घासून आवळला, गाडी चालू झाली.

फ्यूज, मेन रिले (ईसीएमला वीज देणारा स्विच), बॅटरी (इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट) आणि सेन्सरचा 5 व्होल्ट पुरवठा तपासून घ्या. एखादी वायर सोलून बॉडीला टेकत असेल, तर बदललेला ईसीएमही जळू शकतो.