गेटजवळ जुना रेन ट्री आहे. मुळं न तोडता गाडी आत नेण्यासाठी रस्ता कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: पुण्यातला जुना बंगला, गेटपासून दीडेक मीटरवर फुटपाथमधला रेन ट्री, बुंध्याचा घेर अडीच मीटर. डांबराचे थर चढून चढून रस्ता उंच झालाय, अंगण खाली राहिलंय, पावसाचं पाणी आत येतं. काँट्रॅक्टर म्हणतोय की फूटभर खोदू, आड येतील ती मुळं तोडू, मुरूम आणि सोलिंग (दगडांचा थर) करून वर पेव्हर ब्लॉक टाकू, झाडाला काही होत नाही.

होतं, फक्त लगेच दिसत नाही. मी बंगल्यांच्या बाहेरच्या बाजूची, म्हणजे बाग, फरशी, पाण्याचा निचरा अशी कामं करतो. माझं म्हणणं एवढंच की खोदू देऊ नका, रस्ता आहे त्या जमिनीच्या वर बांधा. तुमच्याकडे तर अंगण खालीच आहे, त्यामुळे लेव्हल वाढली तर तुमचाच फायदा.

मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या साठ सेंटीमीटर मातीत असतात, आणि पाणी-अन्न घेणारी बारीक मुळं त्यातही वरच्या फूटभरात. म्हणजे काँट्रॅक्टर जेवढं खोदणार आहे, नेमकं तेवढ्यातच. ती किती लांब पसरलीत याचा अंदाज बांधायला ब्रिटिश मानक बीएस ५८३७ मधला नियम सोपा आहे: छातीच्या उंचीवर बुंध्याचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ जपायचं. टेपने घेर मोजलात तर त्याच्या जवळजवळ चौपट धरा. तुमच्या झाडाला साडेनऊ मीटर येतात. अख्खं पुढचं अंगण त्यात बसलं! आणि पलीकडे डांबर, खाली गटार, केबल. झाडाचं स्वयंपाकघर तुमच्याच अंगणात आहे असं समजा. एका बाजूची जाड मुळं गेली की झाडाची पकडही जाते. शेंडे वाळणं, पालवी विरळ होणं हे पुढच्या काही वर्षांत दिसतं, आणि एखाद्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात झाड गाडीवर येतं. तेव्हा ड्राइव्हवे कोणाला आठवत नाही.

गेट झाडापासून लांब सरकवता येत असेल तर तो उपाय सगळ्यात स्वस्त. नसेल तर पुढचं वाचा.

आधी गवत आणि पालापाचोळा हाताने काढायचा, माती सोलायची नाही. त्यावर नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं न विणलेलं कापड, अंथरायचं. काळी माती असेल तर हे कापड हवंच, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी चिखलात रुतते. त्यावर जिओसेल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची मधमाशीच्या पोळ्यासारखी उघडणारी जाळी. हायवेच्या कामांत ती वापरतात, त्यामुळे मिळते. घरच्या गाडीला १० ते १५ सेंटीमीटर उंचीची पुरते. जाळी जमिनीला धरून ठेवणारे खिळे ठोकताना मूळ लागलं तर खिळा बाजूला घ्यायचा. आत भरायची ती २० ते ४० एमएमची धुतलेली, कोनेदार खडी. मुरूम नको, क्रश सँड नको, चुरी तर अजिबात नको. बारीक माल पोकळ्या बुजवतो आणि मुळांची हवाच बंद होते. अंगण उचलायला नुसता मुरूम ओतून रोलर फिरवणं म्हणूनच खोदण्याइतकंच वाईट. वर पुन्हा कापड, तीनेक सेंटीमीटर ग्रिट, म्हणजे धुतलेली बारीक कच, आणि मग पेव्हर. एकूण साधारण २० ते २५ सेंटीमीटर चढ होईल. गेट तेवढं वर उचलावं लागेल हे फॅब्रिकेटरला आधीच सांगा. फुटपाथवरच्या भागाला मात्र हात लावायचा नाही, तिथला रॅम्प महापालिकेच्या परवानगीनेच.

बुंध्यापाशी काहीच भरू नका. मुळं जिथे फाकतात तो भाग मातीत गाडला गेला की साल कुजते. तुमच्या कंपाउंडच्या आत फुगलेली मुळं आली असतील तर तिथे रस्ता अरुंद करा. किंवा सगळ्या रुंदीला फरशी करण्याऐवजी चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, साठ-साठ सेंटीमीटरच्या, मधे मोकळी जागा. मला स्वतःला हाच प्रकार आवडतो. ग्रास पेव्हरचं, म्हणजे गवत उगवायला भोकं ठेवलेल्या ब्लॉकचं, मात्र फार कौतुक करू नका. रेन ट्रीच्या सावलीत, त्यावर रोज गाडी उभी, तिथे गवत कुठून येणार?

पेव्हर म्हणजे पाणी झिरपतं, असं सगळे गृहीत धरतात. पण सांधे सिमेंटने भरले तर ते काँक्रीटच झालं. गवंड्याला सवय असते, समोर उभं राहून सांगावं लागतं की सांध्यात ग्रिटच घाल. उद्या एखाद्या मुळाने पेव्हर उचलला तर तेवढा भाग काढून पुन्हा बसवता येतो, काँक्रीटचा स्लॅब फोडावा लागतो.

कडेला कर्ब (काठाचे दगड) बसवतानाही चर खणू नका, लाकडी ओंडके किंवा जमिनीवर टेकवलेले ब्लॉक चालतात. कुठे थोडं उकरावंच लागलं तर खुरप्याने, हलक्या हाताने. अंगठ्याएवढं किंवा त्याहून जाड मूळ दिसलं की थांबा आणि झाडांच्या जाणकाराला दाखवा. जेसीबी गेटच्या आत नकोच. वाळू-खडीचे ढीग झाडाखाली नकोत, सिमेंट कालवलेलं पाणी मातीत सोडायचं नाही. काम माती कोरडी असताना करा. ओल्या काळ्या मातीवरून दोनदा ट्रॉली गेली तरी ती दगडासारखी दबते.

कायद्याचंही बघा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणं हेही झाड तोडण्यातच मोडतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’ धरतात, आणि तुमचं त्यात बसण्याची शक्यता चांगली आहे. उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांकडे नकाशासह अर्ज द्या, काम त्यानंतर.

काँट्रॅक्टरकडून कोटेशन घेताना ‘एक्स्कॅव्हेशन’ची, म्हणजे खोदकामाची, ओळ शून्य करून मागा. तो हसेल, पण दर त्यावरच ठरवा. माती उचलून न्यायचा ट्रक वाचतो, जिओसेल आणि धुतलेल्या खडीचा खर्च वाढतो, हे दोन्ही त्याच कागदावर दिसलं पाहिजे.