वाचक विचारतात : यॉर्कमधला शनिवार-रविवार

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या वाचकांची आणि इकडे राहिलेल्या त्यांच्या पालकांची यॉर्कच्या सहलीबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. यॉर्कमध्ये पैशांच्या आधी वेळ संपतो. शहराचा तट अंधार पडताना बंद होतो आणि मोठे चर्च रविवारी दुपारपर्यंत पर्यटकांना उघडत नाही. त्यामुळे पुढच्या उत्तरांत घड्याळ वारंवार डोकावेल.

प्रश्न : आम्ही पाच जण लीड्समध्ये शिकतो, एक मैत्रीण लंडनहून येणार आहे. रेल्वेची तिकिटे स्वस्तात कशी पडतील? — विद्यार्थिनी, लीड्स

तुमचे आणि मैत्रिणीचे गणित वेगळे आहे.

लीड्स ते यॉर्क हे जेमतेम २५ मिनिटांचे अंतर आणि गाड्या सतत आहेत. शनिवार-रविवारी ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारे) तिकीट दिवसभर चालते, म्हणून ठरलेल्या गाडीलाच बांधलेले अ‍ॅडव्हान्स तिकीट घेऊन चार-दोन पौंड वाचवण्यात अर्थ नाही. परतीची गाडी चुकली की ते वाचलेले पैसे दामदुपटीने जातात. पाचही जणांकडे १६-२५ रेलकार्ड (१६ ते २५ वयासाठीचे वार्षिक सवलत कार्ड) असेल तर प्रत्येकाला एक तृतीयांश सूट मिळेल. कोणाकडेच नसेल तर ग्रुपसेव्ह पाहा. ३ ते ९ जण एकत्र प्रवास करत असतील तर तेवढीच सूट कार्डाशिवाय मिळते. मात्र ती ऑफ-पीक तिकिटांवर आणि ठरावीक कंपन्यांच्याच गाड्यांत लागू असते. दोन्ही सवलती एकावर एक लावता येत नाहीत. शिवाय ग्रुपसेव्हवर सगळ्यांनी जाता-येता बरोबर राहायला हवे. कोणी एक जण मध्येच उतरून आधी परतला तर उरलेल्यांचे आणि त्याचे, दोघांचेही तिकीट अडचणीत येते. रेलकार्डाची वर्षाची किंमत ३५ पौंड आहे, म्हणजे वर्षभरात पूर्ण दराने १०५ पौंडांचा प्रवास होणार असेल तरच ते वसूल होते. एका यॉर्कसाठी घेऊ नका. वर्षभर फिरणार असाल तर पहिल्याच आठवड्यात घ्या.

याहून स्वस्त हवे असेल तर लीड्सहून यॉर्कला कोस्टलायनरची बस जाते. तिला तासाहून जास्त लागतो, पण इंग्लंडमध्ये एकेरी बसभाड्यावर ३ पौंडांची मर्यादा आहे. ती योजना चालू असेपर्यंत याहून कमी खर्चाचा मार्ग नाही.

लंडनच्या मैत्रिणीसाठी मात्र अ‍ॅडव्हान्सच. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून यॉर्क सुमारे दोन तास. ही तिकिटे साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि स्वस्त कोटा संपत गेला की दर चढत जातो. आयत्या वेळी स्टेशनवर घेतलेले तिकीट कित्येक पटींनी महाग पडू शकते. एकाच प्रवासाची दोन तुकड्यांत तिकिटे काढणे, उदाहरणार्थ लंडन–डॉनकास्टर आणि डॉनकास्टर–यॉर्क, हे पूर्णपणे कायदेशीर आहे. अट एवढीच की गाडी त्या मधल्या स्टेशनवर थांबली पाहिजे. तुम्ही उतरायची गरज नाही.

चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, तिकीट आणि रेलकार्ड दोन्ही फोनमध्ये आणि फोनची बॅटरी संपलेली. तपासनीसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट ठरता, आणि इंग्लंडमधला दंड १०० पौंड अधिक एकेरी भाडे एवढा आहे (२१ दिवसांत भरला तर १०० चे ५० होतात). पॉवर बँक घ्या किंवा स्टेशनवरच्या यंत्रातून कागदी तिकीट काढा. दुसरी, रविवारची रूळदुरुस्ती. इंग्लंडमध्ये देखभालीची बरीच कामे रविवारी काढतात आणि मग अर्धा रस्ता बदली बसने कापावा लागतो. निघण्याआधी गुरुवारी-शुक्रवारी नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर परतीची गाडी पुन्हा तपासा.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे, एम.एस्सी. करतो. विद्यापीठ म्हणते रेलकार्डावर सही-शिक्का घ्या. गरज आहे का? — विद्यार्थी, शेफील्ड

नाही. २६ ते ३० वयासाठी वेगळे रेलकार्ड आहे. ते ऑनलाइन, कोणाच्याही सहीशिवाय मिळते आणि सूट तीच. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना १६-२५ कार्ड कोणत्याही वयात मिळते खरे, पण विद्यापीठाच्या सहीचा तो खटाटोप तिशी ओलांडलेल्यांनी करावा. दोन्ही कार्डांवर सोमवार ते शुक्रवार सकाळी १० पर्यंत १२ पौंडांचे किमान भाडे लागते (१६-२५ ला जुलै-ऑगस्टमध्ये तेही नाही). शनिवार-रविवारी हा अडथळा नसतो.

प्रश्न : शनिवारी सकाळी पोचून रविवारी संध्याकाळी निघायचे आहे. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने? — विद्यार्थी, मँचेस्टर

क्रम ठरवतो तो सूर्य, हे आधी ध्यानात घ्या.

शनिवारी सकाळी साडेनऊला यॉर्क मिन्स्टर हे मोठे चर्च उघडते, तेव्हाच आत जा. सगळी थोरवी त्याच्या पूर्वेच्या भव्य खिडकीत आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडवली. रंगीत काचेचा हा पडदा जवळपास टेनिस कोर्टाएवढा आहे. पूर्वाभिमुख असल्याने तिच्यातून प्रकाश येतो तो सकाळी, दुपारी ती मलूल दिसते. रविवारी सकाळी प्रार्थना असतात आणि पर्यटकांना प्रवेश दुपारी पाऊणच्या सुमारास मिळतो. म्हणजे ही खिडकी रविवारवर ढकलली की हुकलीच. वरच्या चौकटींतल्या आकृती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, एखादी लहान दुर्बीण पाच जणांना पुरते. उत्तरेच्या बाजूची 'फाइव्ह सिस्टर्स' ही तेराव्या शतकातली करड्या काचेची खिडकी घाईत राहून जाते. तिच्यासाठी दहा मिनिटे ठेवा.

मिन्स्टरचे तिकीट २० पौंडांच्या आसपास असते, विद्यार्थ्यांना सवलत मिळते, ओळखपत्र जवळ हवे. मनोऱ्याला वेगळे, ठरलेल्या वेळेचे तिकीट लागते. पायऱ्या २७५, जिना अरुंद आणि गोल गोल फिरत जाणारा. मध्ये थांबून मागे वळता येत नाही, त्यामुळे गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर पैसे वाचवा. पावसा-वाऱ्यात मनोरा बंद ठेवतात. तिकीट न काढता आत बसायचे असेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँगला जा. ही गायनप्रधान प्रार्थना सर्वांना खुली आणि विनामूल्य आहे. आठवड्यात सहसा साडेपाचला आणि रविवारी चारला असते, पण त्या दिवसाची वेळ चर्चच्या संकेतस्थळावर बघा. फोटो काढायचे नाहीत आणि मध्येच उठायचे नाही.

मिन्स्टरमधून बाहेर पडल्यावर बूदम बार या दरवाजावरून तटावर चढा. पूर्ण फेरी सुमारे ३.४ किलोमीटरची, दोन तासांची. वेळ कमी असेल तर बूदम बार ते मंक बार एवढाच तुकडा करा. पंधरा-वीस मिनिटांत होतो आणि मिन्स्टर मागच्या बाजूने, बागांच्या वरून दिसते. सगळ्या फेरीत याहून सरस टप्पा नाही. पूर्ण फेरीत लेयरथॉर्प ते रेड टॉवर तट अचानक संपतो आणि बरेच जण इथे वाट चुकलो असे समजून परततात. वाट चुकलेली नसते. मध्ययुगात तिथे फॉस नदी अडवून केलेला तलाव होता, म्हणून भिंत बांधलीच नाही. फूटपाथवरच्या पितळी खुणांवरून पुढे चालत राहा. तट विनामूल्य आहे, सकाळी आठला उघडतो. शहराकडच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि ओल्या फरशीवर पाय घसरतो. बर्फ पडले की तो बंदच असतो.

रोमनांनी इ.स. ७१ मध्ये इथे एबोराकम नावाचा तळ उभारला. त्यांचे बांधकाम हात लावून पाहायचे असेल तर म्युझियम गार्डन्समधला मल्टँग्युलर टॉवर गाठा. खालचे लहान, चौकोनी दगड रोमन आणि वरचे मोठे दगड मध्ययुगीन, फरक लगेच डोळ्यांत भरतो. बागेला तिकीट नाही.

व्हायकिंग (रोमनांनंतर उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेले लोक) हवे असतील तर जॉर्विक केंद्र. कॉपरगेटवर १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननाच्या जागीच ते १९८४ मध्ये सुरू झाले. वेळेचा स्लॉट आधी काढला नाही तर शनिवारी रांगेत तास जातो. आत दहाव्या शतकातली गल्ली वासासकट उभी केली आहे. जेवणानंतर लगेच जाऊ नका. एका व्हायकिंगची सुमारे २० सेंटिमीटर लांबीची जीवाश्म झालेली विष्ठाही इथे काचेत मांडली आहे आणि पुरातत्त्ववाले तिच्याबद्दल अगदी गंभीरपणे बोलतात.

शँबल्स ही खाटकांची जुनी गल्ली. वरचे लाकडी मजले पुढे झुकलेले, पूर्वी मांस टांगायचे ते आकडे अजून दुकानांबाहेर आहेत. अकरानंतर तिथे फक्त डोकी दिसतात, म्हणून रविवारी सकाळी नऊच्या आत जा. हॅरी पॉटर या जादूगार मुलाच्या सिनेमांचे चित्रीकरण या गल्लीत झाले, असे तिथली दुकाने पाहून वाटते. तसे झालेले नाही.

क्लिफर्ड्स टॉवरचा चढ छोटा आहे. ११९० च्या मार्चमध्ये याच टेकाडावरच्या लाकडी बुरुजात आसरा घेतलेल्या यॉर्कच्या सुमारे १५० ज्यूंचा अंत झाला. आजचा दगडी बुरूज त्यानंतरचा, तेराव्या शतकातला. पायथ्याशी स्मारकशिला आहे, ती वाचून मगच वर जा.

शेवट नॅशनल रेल्वे म्युझियमने करा. प्रवेश विनामूल्य, संग्रहालय स्टेशनच्या मागेच, त्यामुळे तिथून थेट गाडी पकडता येते. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठणारे 'मॅलार्ड' हे वाफेचे इंजिन इथे आहे. तो विक्रम अजून मोडलेला नाही. पाच वाजता बंद होते, अडीचपर्यंत पोचा.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, अंडे चालते. तिथे काय खावे? — विद्यार्थिनी, शेफील्ड

सगळ्यात मोठा चकवा बटाट्याच्या चिप्सचा. यॉर्कशरमध्ये त्या गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे आणि चिप्सची चव तिच्यामुळेच, असे स्थानिक अभिमानाने सांगतात. काउंटरवर 'तेल कोणते?' एवढे विचारायला संकोचू नका. वनस्पती तेल वापरणारी दुकानेही आहेत. यॉर्कशर पुडिंग म्हणजे मैदा, दूध आणि अंड्याचे पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून फुगवतात. वरची ग्रेव्हीही मांसाच्या रसाची. शाकाहारी पुडिंग मिळते, पण ते मागावे लागते. चघळायच्या गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढलेले जिलेटिन असते आणि पार्मेझान चीजमध्ये दूध साकळवणारे, वासराच्या जठरातले रेनेट. बेटीज टीरूममधला फॅट रास्कल हा चेरी-बदाम लावलेला स्कोनसारखा पदार्थ तुम्हाला चालेल. शनिवारी तिथली रांग पाहून परत फिरायची वेळ येते, उघडताना जा.

हॉस्टेलला स्वयंपाकघर असेल तर एक वेळचा वरणभात तिथेच. फोडणीच्या धुराने फायर अलार्म वाजतो आणि सगळी इमारत थंडीत बाहेर उभी राहते. दार लावा, पंखा चालू ठेवा, मोहरी मंद आचेवर तडतडू द्या. दशम्या आणि कोरडी चटणी गाडीत खायला कोणाची हरकत नसते.

प्रश्न : पासपोर्ट बरोबर न्यावा का? — विद्यार्थी, न्यूकॅसल

रेल्वेसाठी नको. राहण्याच्या जागी कायद्याने प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि राष्ट्रीयत्व नोंदवतात. परदेशी पाहुण्यांना पासपोर्टचा तपशीलही द्यावा लागतो, पण राष्ट्रकुल देशांचे नागरिक त्यातून वगळलेले आहेत आणि त्यांत भारतीय आले. तरी हॉस्टेले स्वतःच्या नियमाने फोटो ओळखपत्र मागतात. बुक करताना कोणते चालेल ते वाचा. पबमध्ये २५ पेक्षा लहान दिसलात तर वयाचा पुरावा मागतील आणि विद्यापीठाचे कार्ड तिथे बहुधा चालत नाही. दर वेळी पासपोर्ट खिशात घेऊन हिंडण्यापेक्षा ब्रिटनचा प्रोव्हिजनल (शिकाऊ) वाहन परवाना काढून ठेवा. गाडी शिकायची नसली तरी उपयोगी पडतो.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर जातोय. आजारी पडला किंवा काही झाले तर? — पालक, नाशिक

विद्यार्थी व्हिसाबरोबर त्याने वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार भरलेला आहे, त्यामुळे सरकारी रुग्णालयात उपचारांचे बिल येत नाही. यॉर्कच्या रुग्णालयात तातडीचा विभाग आहे. जिवावर बेतले तर ९९९, दुखणे साधे असेल तर १११, पोलिसांशी बिनतातडीचे काम असेल तर १०१.

चोरीमारीपेक्षा काळजी नदीची करा. ऊझ नदीच्या काठची वाट बऱ्याच जागी बिनकठड्याची, रात्री काळोखी आणि पाणी बाराही महिने थंडगार. पबमधून परतताना मुलांनी ती वाट टाळून दिव्यांच्या रस्त्याने यावे, एकट्याने तर नाहीच. तेवढे फोनवर बजावून सांगा.

प्रश्न : कोणता महिना टाळावा? — विद्यार्थी, बर्मिंगहॅम

गर्दी आणि भाडे दोन्ही वाढतात ते नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमसपर्यंतच्या बाजारात, ऑगस्टमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात आणि फेब्रुवारीतल्या व्हायकिंग उत्सवात. डिसेंबरच्या अखेरीस पावणेचारलाच सूर्य मावळतो, तट त्याच सुमारास बंद. हिवाळ्यात ऊझला पूर येतो तोही फसवा असतो. पाऊस पडतो वरच्या डोंगरांत आणि पाणी दिवसभराने यॉर्कला चढते, त्यामुळे शहरात लख्ख ऊन असतानाही किंग्ज स्टेथचा धक्का बुडालेला सापडतो. नदीकाठची खोली घेण्याआधी पुराचा इशारा पाहा. मार्चअखेर ते एप्रिल सर्वांत बरा : तटाच्या उतारावर डॅफोडिल्स, संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड. फक्त ईस्टरची सुट्टी कोणत्या आठवड्यात येते ते पाहून तारीख धरा.