पुराचा विषय निघाला की घरात पक्षाची भांडणं होतात, मग हवामान बदलावर नीट विचार कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की घरात दोन पक्षांची माणसं आहेत, एक म्हणतो पूर हवामान बदलामुळे येतात, दुसरा म्हणतो हे सरकारचं अपयश झाकायचं निमित्त आहे, तर यात कुणाचं ऐकायचं. मी सांगलीची आहे, 2019 ला आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, त्यामुळे हा वाद मी लांबून नाही ऐकलेला, जवळून ऐकलाय आणि अजून ऐकतेय.

आधी एक गोष्ट बघा. 2019 ला राज्यात भाजप-शिवसेनेचं सरकार होतं आणि 2021 ला महाविकास आघाडीचं. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं (धोका पातळी 45 फूट आहे) तेव्हा आमच्याकडचे सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते सांगायचे की असा पाऊस कुणी बघितलाच नव्हता, निसर्गापुढे कोण काय करणार, आणि विरोधातले सांगायचे की कोयनेतनं पाणी वेळेवर सोडलं नाही, नियोजन शून्य. दोन वर्षांनी परत पूर आला तेव्हा हीच माणसं एकमेकांची वाक्यं बोलत होती. पाऊस तोच, नदी तीच, फक्त खुर्ची बदलली. म्हणून कोण बोलतंय यावरनं खरंखोटं ठरवायला गेलात तर दर पाच वर्षांनी तुमचं उत्तर बदलत राहणार.

आता खरी अडचण अशी आहे की दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. हवा 1 अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्र आहे, त्याला पक्ष नसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास आहे, त्यात 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं दिसलं. पण लक्षात घ्या, तो अभ्यास मुख्यतः मध्य भारताचा आहे, सांगलीच्या एखाद्या पुराचा नाही, त्यामुळे कुणी तो दाखवून म्हणालं की बघा 2019 चा पूर हवामान बदलामुळेच आला तर तिथे थांबवायचं, तेवढं तो अभ्यास सांगत नाही. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला. सांगली शहरात अख्ख्या वर्षभरात साधारण तेवढा पडतो! तो पाऊस पडला कुठे तर जिथनं कृष्णा आणि कोयना निघतात तिथे. शिवाय धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात जो पडतो तो अडवायला कुठलं धरणच नाही, तो थेट नदीत येतो.

म्हणजे पाऊस जास्त होता हे खरं. पण पाणी घरात का शिरलं हा वेगळा प्रश्न आहे, आणि लोक हे दोन प्रश्न एकात कालवतात तिथेच सगळा घोळ होतो. पाऊस जास्त का पडला, पाणी एवढं का चढलं, आणि चढलं तेव्हा तिथे आपली घरं का होती, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या माणसांकडे आहेत. पहिल्याचं हवामानशास्त्रज्ञांकडे, दुसऱ्याचं जलसंपदा खात्याच्या आकड्यांमध्ये, तिसऱ्याचं महापालिकेच्या बांधकाम परवानग्यांमध्ये.

अलमट्टीचं उदाहरण घ्या. हे कृष्णेवरच खाली कर्नाटकात असलेलं धरण, त्यात पाणी अडवल्याने ते मागे सांगलीपर्यंत फुगतं का यावरनं आमच्याकडे घरोघरी वाद आहेत. 2019 च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनेच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 2020 ला अहवाल आला, त्यात म्हटलं की या पुराला अलमट्टी जबाबदार नाही, अतिपाऊस आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं ही कारणं आहेत. शिरोळ, सांगलीकडच्या पुष्कळ लोकांना हे पटलेलं नाही, ते कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्यामुळे मागे चढणाऱ्या पाण्याचं, म्हणजे फुगवट्याचं, गाळाचं बोलतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावू नये, नदीकाठी आयुष्य काढलेली माणसं आहेत ती. पण त्यांना एवढं जरूर विचारावं की अमुक तारखेला अलमट्टीत किती पाणी होतं, विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) होता आणि त्याच वेळी आयर्विनला किती फूट होतं, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा. आणि समितीचं म्हणणं मानणाऱ्यांनी पण हेच करावं. गंमत नाही, काळजीने सांगते, अलमट्टीची उंची (समुद्रसपाटीपासून मोजलेली पाणीपातळी) 519 वरनं 524 मीटर करायला महाराष्ट्रातले सगळे पक्ष एकजुटीने विरोध करतात आणि कर्नाटकातले सगळे पक्ष एकजुटीने मागणी करतात. म्हणजे आपली मतं नुसत्या पक्षाने नाही तर राज्याच्या सीमेने पण ठरतात, आणि ती सीमा पक्षापेक्षाही अवघड आहे कारण ती आपल्याला दिसतच नाही.

मला जी कसोटी सगळ्यात उपयोगी वाटते ती सांगते. जो माणूस एखादं कारण सांगतो त्याला विचारायचं, बरं, हे खरं मानलं तर पुढे काय करावं लागेल? आणि ते करायला तो तयार आहे का, विशेषतः त्याच्या स्वतःच्या माणसांना झळ बसणार असेल तर.

हवामान बदलामुळे पूर येतात म्हणता ना, ठीक आहे. मग नदीकाठची लाल पूररेषा परत आखावी लागेल. निळी रेषा साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची धरतात, म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. आमच्याकडे 2005, 2019, 2021 असे सोळा वर्षांत तीन महापूर झाले. पाऊसच बदलला असेल तर जुन्या पावसाच्या हिशोबावर काढलेली रेषा आता कशी चालेल? ती बाहेर सरकणार आणि तिच्या आत कितीतरी प्लॉट, अपार्टमेंट येणार. ‘हवामान बदल’ म्हणणारा नेता इथे गप्प बसला तर समजायचं की तो शब्द त्याला फक्त हात झटकायला हवाय.

आणि नियोजन चुकलं म्हणणाऱ्याला विचारा की कोयना धरणात 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं किती ऑगस्टमध्ये रिकामं ठेवायचं? रिकामं ठेवलं आणि नंतर पाऊस आलाच नाही तर जत, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांना काय सांगायचं? तिकडची माणसं टेंभू, म्हैसाळ या नदीतनं पाणी उपसून देणाऱ्या योजनांच्या पाण्याची वाट बघत बसलेली असतात, त्यांना धरण भरलेलंच हवं असतं. एकाच जिल्ह्यात एक भाग पुरात आणि दुसरा टँकरवर. याला सोपं उत्तर नाहीये, पण निदान प्रश्न तरी खरा आहे, यावर भांडलात तर भांडणातनं काहीतरी निघेल.

दिल्लीच्या पातळीवर तर मला पक्षांमध्ये वाटतो तेवढा फरकच दिसत नाही. हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा 2008 ला मनमोहन सिंग सरकारने आणला, 2070 पर्यंत नेट झिरोची (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घ्यायचं) घोषणा मोदींनी 2021 ला ग्लासगोत केली, आणि आपलं दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आहे (वर्षाला आपलं 2 टनांच्या आसपास, त्यांचं 14) हा मुद्दा दोन्ही सरकारांनी मांडलाय आणि तो बरोबर आहे. फक्त त्याने सांगलीतलं पाणी एक इंचसुद्धा खाली येत नाही, म्हणून घरातल्या वादात तो आला तर मान्य करून पुढे जावं.

घरात बोलायचं कसं, तर ‘तुम्ही हवामान बदल मानता का’ असं विचारूच नका, त्याने माणूस लगेच पक्षाचा होतो. आमचे एक नातेवाईक तासगावकडे द्राक्ष करतात, हवामान बदल हे परदेशी लोकांचं थोतांड आहे असं ते ठामपणे म्हणतात, पण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनी (बुरशीचा रोग) आली, घड कुजले, पूर्वी असं दरवर्षी नव्हतं हे तेच सगळ्यात जास्त तपशीलात सांगतात. त्यांच्याशी मी छाटणीच्या तारखांवर बोलते, फवारण्या किती वाढल्या, खर्च किती गेला यावर बोलते, आणि तिथे आमचं एकमत होतं. त्यांना तो शब्द मान्य करायला लावून मला काय मिळणार आहे?

पुढच्या पावसाळ्यात जलसंपदाचे रोजचे पाणीपातळीचे आकडे येतात ते घरातल्या दोघांनी मिळून एका वहीत लिहून काढा, कोयना, वारणा, अलमट्टी, आयर्विन आणि महाबळेश्वरचा पाऊस. आणि महापालिकेला जो कोणी मत मागायला येईल त्याला लाल रेषेच्या आत गेल्या पाच वर्षांत किती परवानग्या दिल्या ते विचारा, तो तुमच्याच पक्षाचा असेल तर त्याला आधी विचारा.